रिकामी जहाजे आणि पिकल्या केसांचे प्रवासी

ज्या बंदरातून निघायचे तिथेच परत यायचे, मधले दिवस जहाजावर राहायचे-जेवायचे, वाटेतली बंदरे उतरून पाहायची आणि या सगळ्याचे पैसे आधीच एकरकमी भरायचे, अशा सुटीला आज सगळीकडे क्रूझ म्हणतात. या प्रथेचे वय दोनशे वर्षांच्याही आत आहे आणि त्यातल्या बहुतेक काळात आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर चढणारा माणूस उतारवयाकडे झुकलेला असे. त्याचे कारण सहसा वडीलधाऱ्यांच्या सोयीत शोधले जाते: सामान एकदाच उघडायचे, जिने चढायला नकोत, जेवण वेळेवर. या सोयी खऱ्या असल्या तरी त्या मागाहून आल्या. मूळ कारण जहाजमालकांच्या हिशेबवहीत आहे. जहाज धक्क्याला रिकामे उभे राहिले तरी कर्जाचे व्याज, विमा, खलाशांचे पगार आणि बंदराचे भाडे चुकत नाही. हंगाम नसताना ते भरायचे, तर हंगाम नसताना घर सोडू शकणारी माणसे लागतात. अशी सवड आणि गाठीशी पैसा, दोन्ही एकत्र सापडायचे ते संसारातून आणि धंद्यातून बरेचसे मोकळे झालेल्यांकडेच.

क्रूझची पहिली जाहिरात खोटी होती. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर जन्मलेल्या आर्थर अँडरसन यांनी १८३५ मध्ये ‘शेटलंड जर्नल’ नावाचे वृत्तपत्र काढले. अंकात जागा भरण्यासाठी त्यांनी आइसलंड आणि फॅरो बेटांभोवती फिरवून आणणाऱ्या एका काल्पनिक सफरीची जाहिरात छापली. असे जहाज त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. दोन वर्षांनी हेच अँडरसन पेनिन्शुलर स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. १८४० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती पी अँड ओ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांना विलायतेची टपाल-बोट म्हणून ठाऊक असलेली कंपनी ती हीच. १८४४ मध्ये पी अँड ओने आपल्या नेहमीच्या टपाल-बोटी जोडून भूमध्य समुद्राची फेरी विकायला काढली. तिची कीर्ती व्हावी म्हणून कादंबरीकार थॅकरे यांना फुकट तिकीट दिले गेले. त्यांनी १८४६ मध्ये त्या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि कंपनीचे काम झाले. प्रवासी लेखकाला फुकट नेऊन त्याच्याकडून लिहवून घेण्याचा रिवाज तेव्हापासूनचा आहे.

या पहिल्या प्रयत्नांत जहाज बदलावे लागे, वेळापत्रक टपालाचे असे आणि प्रवासी त्या टपालाच्या जोडीने जात. एकच जहाज भाड्याने घेऊन, एकच मंडळी शेवटपर्यंत सोबत ठेवून केलेली मोठी सफर १८६७ ची. ‘क्वेकर सिटी’ हे चाकांचे वाफेचे जहाज ८ जून रोजी न्यूयॉर्कहून निघाले आणि युरोप, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन, इजिप्त करून १९ नोव्हेंबरला परतले. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते आणि त्या युद्धातली कामाची जहाजे स्वस्तात मिळत होती. ‘क्वेकर सिटी’ही त्यांपैकीच एक. भाडे १,२५० डॉलर. एवढे पैसे आणि पाच महिन्यांची सवड कोणाकडे असणार? लेखक मार्क ट्वेन त्या वेळी ३१ वर्षांचे होते आणि एका वृत्तपत्राच्या पैशाने आले होते. सहप्रवाशांपैकी तीन-चतुर्थांश चाळीस ते सत्तर या वयांतले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. संध्याकाळी प्रार्थना, त्यानंतर डॉमिनोजचे डाव आणि लवकर निजानीज, हे पाहून ही सहल आहे की अंत्ययात्रा असा प्रश्न त्यांना पडला. पुढे १८६९ मध्ये आलेले त्यांचे प्रवासवर्णन हातोहात खपले. त्यामुळे क्रूझ म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक ही थट्टा क्रूझच्या धंद्याहूनही आधी जगभर पोचली.

त्या काळी लांबचा प्रवास काढणाऱ्यांचे स्वतःचे वयही बघण्यासारखे आहे. सहली काढणारे इंग्रज व्यावसायिक टॉमस कुक १८७२ मध्ये पहिल्या जगफेरीची मंडळी घेऊन लिव्हरपूलहून निघाले तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. २२२ दिवसांच्या त्या फेरीत भारतातला टप्पा कोलकात्याहून मुंबईपर्यंत रेल्वेने झाला. ती क्रूझ नव्हती, कारण जहाजे वाटेत बदलत गेली. पण साठी उलटल्यावर जग पाहायला निघणे शक्य आहे, हे तिने दाखवून दिले.

स्वतंत्र धंदा म्हणून क्रूझची सुरुवात उत्तर युरोपात झाली. शेटलंडकडे माल आणि मेंढ्या नेणाऱ्या एका स्कॉटिश कंपनीने १८८६ मध्ये ‘सेंट रॉग्नवाल्ड’ ही बोट नॉर्वेच्या फ्योर्डांकडे वळवली. सफर एवढी चालली की दुसऱ्याच वर्षी ‘सेंट सुनिवा’ हे खास सहलीसाठी बांधलेले पहिले जहाज पाण्यात उतरले. पण खरा हिशेब मांडला तो हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनी. त्यांच्या हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या झपाट्याने धावणाऱ्या बोटी उन्हाळ्यात भरून जात आणि हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांमुळे रिकाम्या पडत. बालिन यांनी त्यांतली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे पाठवली. सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण तिकिटे खपली. जानेवारीत दोन महिने घरदार सोडणे शिक्षकाला, कारखानदाराला किंवा तान्ह्या मुलांच्या आईला जमणारे नव्हते. ज्यांचा मुलगा आता पेढी सांभाळत होता, अशाच लोकांना ते जमले. क्रूझ आणि उतारवय यांची गाठ घातली ती अशी, युरोपच्या थंडीने.

१९०० मध्ये बालिन यांनी केवळ सहलीसाठी ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ बांधून घेतले. त्यात सगळ्या खोल्या पहिल्या वर्गाच्या होत्या, व्यायामशाळा होती, फोटो धुण्याची अंधारखोलीही होती. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर ते खडकावर चढले. प्रवासी सुखरूप उतरले आणि कप्तानाने स्वतःला गोळी घालून घेतली.

पहिल्या महायुद्धानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी परदेशातून येऊन स्थायिक होणाऱ्यांवर मर्यादा घातली. त्यामुळे जहाजांच्या पोटातल्या खालच्या वर्गाची, म्हणजे कंपन्यांच्या खऱ्या पोटापाण्याची, सोय गेली. दुसरीकडे अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. किनारा सोडला की ती लागू नसे. रिकामी जहाजे आणि तहानलेली गिऱ्हाइके एकत्र आली. कुठेही न जाता दोन-चार दिवस समुद्रात गिरक्या घेऊन परतणाऱ्या स्वस्त सफरी त्यातून निघाल्या. त्यात तरुण असत. श्रीमंत वृद्धांसाठी वेगळा माल होता. १९२२ च्या नोव्हेंबरात क्युनार्ड कंपनीची ‘लॅकोनिया’ न्यूयॉर्कहून निघाली आणि चार महिन्यांहून अधिक काळ घेऊन तिने जगाला वळसा घातला. एकाच जहाजाने प्रवाशांना घेऊन केलेली ही पहिली संपूर्ण जगफेरी मानली जाते. त्यानंतर अशा फेऱ्या दर हिवाळ्यात निघू लागल्या आणि मुंबई हा त्यांचा ठरलेला थांबा झाला. प्रवासी बॅलार्ड पियरवर उतरत, खास गाडीने आग्र्याचा ताजमहाल पाहून येत आणि पुन्हा बोट गाठत.

धक्क्यावर त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुंबईकराला ती मंडळी परकी असली, तरी जहाज परके नव्हते. पी अँड ओच्या जेवणघरात वाढणारे, खोल्या आवरणारे, सकाळचा चहा बिछान्यापाशी आणून देणारे बहुतेक स्ट्युअर्ड गोव्याचे असत. डेकवरच्या खलाशांत कोकणातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे सारंग व तांडेल असत, इंजिनखोलीत उत्तरेकडचे. म्हणजे विलायती वृद्धांच्या सुटीचा अर्धा भार पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांनी उचलला होता. गोव्याचे हे तारवटी, म्हणजे जहाजी नोकर, दोन बोटींच्या मधले दिवस मुंबईत धोबी तलाव, माझगाव इथल्या कूडांत काढत. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेला क्लब. एक मोठी खोली, भिंतीच्या कडेने ओळीने लावलेल्या नावाच्या पेट्या, टोकाला गावच्या संताची वेदी आणि तिन्हीसांजेला तिच्यापुढे सगळ्यांनी मिळून म्हटलेली रोझरी. पेटी ठेवण्यापुरती जागा एवढाच प्रत्येकाचा हक्क, झोपायचे चटईवर. बोट मिळेपर्यंत तिथे नाममात्र पैशांत राहता येई. जहाजाशी असलेले त्यांचे नाते प्रवाशांच्या नेमके उलट होते. त्यांची तरुणपणाची वर्षे समुद्रावर जात आणि म्हातारपण साळगाव-सासष्टीकडे बांधलेल्या घराच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवासी बोटींची आणखी एक परंपरा होती आणि तिच्यात सुटीचा मागमूस नव्हता. मुंबईहून सुटणारी कोकणबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाई. लोक तिला शेपर्ड कंपनीची बोट म्हणत. पुढे चौगुले आणि मोगल लाइनच्या बोटी आल्या. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत आणि लाटेने पडाव वर उचलला गेला की त्या क्षणी खलाशी माणसाला दंडाला धरून बोटीत ओढून घेत. सत्तरीच्या आजीलाही याच रीतीने चढावे लागे; वर तिची वळकटी, आंब्याची करंडी आणि नातवंडे. डेकवर सतरंजी अंथरून जागा अडवायची, बोट लागणाऱ्याने लिंबू हुंगत पडून राहायचे. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची सेवा बंद. १९२७ मध्ये ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटींना वादळाने गिळले, १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ मुंबई बंदराच्या तोंडाशी उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या पिढीला समुद्रावर मौजेसाठी जाणे ही कल्पनाच उमगली नसती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा संपली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर ती पुन्हा उभी राहण्याचे कारणही उरले नाही.

दरम्यान युरोप-अमेरिकेत जहाज आणि म्हातारपण या दोन्हींची घडण बदलत होती. ब्रिटनने १९०८ मध्ये सत्तरीपुढच्या गरिबांना सरकारी पेन्शन दिले, अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. नोकरी संपल्यावरही हातात दरमहा पैसा येणारा मोठा वर्ग यातून हळूहळू तयार झाला. जर्मनीत नाझी राजवटीने कामगारांसाठी स्वस्त सफरी काढल्या होत्या. ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ हे त्यासाठीच बांधलेले, एकाच वर्गाचे जहाज १९३८ मध्ये धावू लागले. सर्वसामान्यांसाठी एकाच वर्गाचे जहाज ही आजच्या क्रूझची रीत त्या प्रचारकी उद्योगात आधी दिसते, हे सांगायला अवघड पण खरे आहे. ३० जानेवारी १९४५ रोजी निर्वासितांनी खचाखच भरलेले हे जहाज बाल्टिक समुद्रात पाणतीराने बुडाले आणि हजारो लोक मेले.

उतारवयातल्या प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा जहाजाच्या बाहेर, पाण्याखाली झाली. जहाजाच्या दोन्ही कुशींतून माशाच्या परांसारखे पोलादी पंख बाहेर काढायचे आणि लाटेनुसार त्यांचा कोन बदलत राहायचा, म्हणजे जहाज डोलते ते कमी होते. डेनी-ब्राउन पद्धतीचे हे स्थिरक मोठ्या प्रवासी जहाजावर पहिल्यांदा बसले ते १९५० मध्ये पी अँड ओच्या ‘चुसान’वर. मुंबईवरून पूर्वेकडे जाणारी ही बोट. पडून हाड मोडण्याची भीती आणि पोटात ढवळणे, या दोन गोष्टींनी वृद्धांना समुद्रापासून दूर ठेवले होते. दोन्ही बऱ्याच अंशी सरल्या. त्याच सुमारास वातानुकूलनही आले.

पण जहाजे आरामदायी झाली तोवर त्यांची गरजच संपत आली. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास रात्रीवर आला. १९७० मध्ये पी अँड ओची भारताकडची प्रवासी सेवा थांबली. जगभरात शेकडो खोल्यांची उत्तम जहाजे एकदम बेकार झाली. बालिन यांच्यापुढे चार महिन्यांचा प्रश्न होता, आता तो बाराही महिन्यांचा झाला.

उत्तर मायामीत सापडले आणि तेही एका अडकून पडलेल्या बोटीमुळे. नॉर्वेचे क्नुट क्लॉस्टर यांनी ‘सनवर्ड’ ही बोट ब्रिटन ते जिब्राल्टर या मार्गासाठी बांधली होती. जिब्राल्टरवरून स्पेनने ब्रिटनशी भांडण उकरले, ब्रिटनने आपल्या नागरिकांनी परदेशी न्यायच्या पैशावर मर्यादा घातली आणि बोट रिकामी राहिली. मायामीत टेड अ‍ॅरिसन यांच्याकडे आगाऊ पैसे भरलेले प्रवासी होते, पण जहाज हातचे गेले होते. दोघांची गाठ पडली आणि डिसेंबर १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ मायामीहून बहामाकडे निघाली. फ्लोरिडात तेव्हा उत्तरेकडच्या थंड राज्यांतून निवृत्त होऊन आलेल्यांची वस्ती झपाट्याने वाढत होती, म्हणजे गिऱ्हाईक धक्क्याच्या शेजारीच राहायला आले होते. पुढे भागीदारी मोडली. अ‍ॅरिसन यांनी कार्निव्हल ही कंपनी काढून एक जुनी कॅनेडियन बोट विकत घेतली, तिला ‘मार्डी ग्रा’ नाव दिले आणि ११ मार्च १९७२ रोजी पहिल्याच सफरीत ती मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतली. इंधन परवडत नव्हते म्हणून ती पुढे सावकाश चालवली जाई. मग सावकाश चालणाऱ्या बोटीवर लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून नाच, कॅसिनो आणि धांगडधिंगा वाढवला गेला. कार्निव्हलने आपल्या बोटींना मौजेची जहाजे म्हणायला सुरुवात केली ती इथून.

या धंद्यातली जुनी थट्टा अशी की क्रूझवर तीनच प्रकारचे लोक सापडतात: नवे लग्न झालेले, फार खाल्लेले आणि मरायला टेकलेले. कंपन्यांना ती झोंबत असे. सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका सुरू झाली, १९८६ पर्यंत चालली आणि तिने क्रूझला प्रेमकथेचे रूप दिले. गंमत अशी की तिच्यात पाहुणे कलाकार म्हणून हॉलिवूडच्या मावळत्या पिढीतले नटनट्या येत. त्यामुळे घरबसल्या पाहणाऱ्या वयस्कर जोडप्यांनाही त्या डेकवर आपली जागा दिसली. मग जहाजे फुगत गेली. १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फावर घसरण्याचे मैदान आणि चढाईची भिंत आली. २०२४ मध्ये धावू लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे अडीच लाख टनांचे असून त्यावर साडेसात हजारांहून जास्त प्रवासी मावतात. हे सारे तरुणांना आणि मुलाबाळांच्या कुटुंबांना ओढण्यासाठी होते आणि ते साधले. १९७० च्या सुमारास वर्षाला पाच लाखांच्या घरात असलेले प्रवासी २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख झाले. धंद्याच्या संघटनेच्या आकड्यांनुसार त्यांचे सरासरी वय आता पन्नाशीच्या आत आहे.

सगळ्यांनी मात्र तरुणांचा पाठलाग केला नाही. इंग्लंडच्या फोकस्टन गावात सिडनी द हान यांचे समुद्राकाठी एक हॉटेल होते. उन्हाळा सरला की ते ओस पडे. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी शाळा-नोकरीच्या सुट्यांना बांधलेले नसलेले पाहुणे शोधले, म्हणजे पेन्शनर, आणि त्यातून सागा ही कंपनी उभी राहिली. १९९७ मध्ये तिने ‘सागा रोझ’ हे जुने जहाज घेऊन स्वतःच्या क्रूझ सुरू केल्या आणि २०१९ मध्ये ‘स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी’ हे नवे जहाज बांधून घेतले. तिच्या सफरी मुख्यतः पन्नाशीपुढच्यांसाठी असतात. एकट्या राहिलेल्या विधवा-विधुरांसाठी एकेरी खोल्या तिच्याकडे भरपूर असतात. इतरत्र एकट्या माणसाला बहुधा दोघांच्या खोलीचे बरेचसे भाडे भरावे लागते, आणि पहिली क्रूझ लांबणीवर पडण्याचे ते एक न बोलले जाणारे कारण आहे.

वृद्ध आणि जहाज यांची सोबत कुठवर जाऊ शकते, याचा हिशेबही कोणी तरी केला. शिकागोच्या वृद्धरोगतज्ज्ञ ली लिंडक्विस्ट यांनी २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले की अमेरिकेतल्या मदतीसह निवासाच्या वृद्धाश्रमात राहण्याचा आणि कायम क्रूझवर राहण्याचा खर्च जवळपास सारखा येतो. जेवण, सफाई, सोबत आणि डॉक्टर दोन्हीकडे मिळतात. शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर डॉक्टर हवाच, असा आंतरराष्ट्रीय करारही आहे. पण जहाजाचा दवाखाना म्हणजे इस्पितळ नव्हे. तिथे पहिला उपचार होतो आणि पुढचे सगळे किनारा किती लांब आहे यावर ठरते. सुरक्षेचे नियम अपघातांतून आले. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडून ३२ जण गेले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम व्हायचीच होती. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि जमण्याच्या जागेची तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच उरकणे बंधनकारक झाले. पहिल्यांदा चढणारे ज्येष्ठ ती कंटाळून करतात. खरे तर अख्ख्या सफरीत लक्ष देऊन करण्याची तीच एक गोष्ट.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली. जहाजावर ३,७११ माणसे होती, त्यांतल्या ७१२ जणांना करोनाची लागण झाली. दगावलेले बहुतेक सत्तरीपुढचे प्रवासी होते. क्रूझने वृद्धांना एका छताखाली गोळा करण्याची जी सोय दीडशे वर्षांत घडवली होती, तिचीच दुसरी बाजू तिथे दिसली. जहाजावर १३८ भारतीय होते: १३२ कर्मचारी आणि प्रवासी अवघे ६. गोव्याच्या स्ट्युअर्डांच्या काळातला तोल फारसा हलला नव्हता.

हलला नव्हता तो दूरच्या समुद्रांवर. घराजवळ चित्र बदलू लागले होते. मलेशियातल्या गेंटिंग समूहाने १९९३ मध्ये स्टार क्रूझेस काढली आणि १९९९ मध्ये ‘सुपरस्टार व्हर्गो’ हे तिचे मोठे जहाज सिंगापूरहून धावू लागले. सिंगापूर-मलेशियाच्या ग्रुप टूरमध्ये दोन-तीन रात्रींची क्रूझ जोडण्याची पद्धत मग भारतात रुजली. मराठी निवृत्तांची पहिली क्रूझ बहुधा अशी टूरच्या पोटातून आली. त्याच वेळी, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पन्नाशीतच हातात एकरकमी पैसा आणि मोकळा वेळ आलेला हा मध्यमवर्ग मुंबई-पुण्यात मोठा होता. सहल कंपन्यांची त्या दशकातली भरभराट त्याच्याशिवाय समजत नाही. टूर लीडर सोबत, बोर्डिंगच्या रांगेत सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पिशवीत, बुफेमध्ये भारतीय आणि जैन जेवणाचे वेगळे टेबल आणि पहिल्या रात्री खिडकी नसलेल्या खोलीत पहाट कधी झाली हे न कळणे, एवढ्या अनुभवाने ‘क्रूझ केली’ ही नोंद होई.

मुंबईतून नियमित क्रूझ सुरू झाली ती २००५ मध्ये, स्टार क्रूझेसच्या ‘सुपरस्टार लिब्रा’ने गोवा आणि लक्षद्वीपकडे. ती दोन-एक हंगाम टिकली. २०१६ च्या अखेरीस कोस्टाचे एक जहाज मुंबईहून मालदीवला जाऊ लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर आली, एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’. करोनाने दोन्ही थांबवल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटू लागली. ती पावसाळ्यात चेन्नईकडे जाते. बॅलार्ड पियरजवळ इंदिरा गोदीत बांधलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. व्हीलचेअर, लिफ्ट, सावलीतली रांग, या ज्येष्ठांना लागणाऱ्या गोष्टी आता धक्क्यावरच आहेत.

धक्का नवा झाला, जहाजांचे मात्र तसे नाही. ‘लिब्रा’ १९८८ ची होती आणि मुंबईला येण्याआधी दुसऱ्या नावाने कॅरिबियनमध्ये धावली होती. ‘आंग्रिया’ ही जपानची जुनी फेरीबोट. ‘कर्णिका’ आणि ‘एम्प्रेस’ दोन्ही १९९० च्या. इतर देशांतले प्रवासी नव्या बोटींकडे वळल्यावर रिकामी झालेली ही जहाजे नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात इथवर आली. मुंबई हेच माहेरबंदर धरून नव्याने बांधलेले क्रूझ जहाज अजून यायचे आहे.